मुरमाच्या वाटेवर चाकात हवा किती? भोर खोऱ्यात सायकल नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

शनिवार-रविवारी साडेअकराच्या सुमारास आमच्या भाड्याच्या सायकलींच्या दुकानाचा फोन वाजायला लागतो. ‘रस्ता फारच खराब आहे हो.’ ‘चढावर मागचं चाक नुसतं जागेवर फिरतंय.’ ‘हातांना मुंग्या आल्यात.’ ‘तुम्ही मार्गाच्या फाइलवर लिहिलेल्या वेळेत हे व्हायचं नाही.’ रस्ता बहुतेक वेळा नेहमीसारखाच असतो आणि सायकलही धड असते. चाकात हवा मात्र जवळजवळ दुप्पट असते. गिअर कधी बदलायचा आणि ब्रेक कसा लावायचा हे तुम्हाला येतं असं धरून हे पत्रक लिहिलं आहे, त्यामुळे त्यात मुख्यतः हवेबद्दलच आहे.

कडेवर छापलेला आकडा

घोटाळ्याचं मूळ टायरच्या कडेवर असतं. तिथे ‘कमाल ७० पीएसआय’ (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) असं काहीसं छापलेलं असतं आणि लोक तेवढी हवा भरतात. लिफ्टमध्ये ‘कमाल ८ माणसं’ लिहिलेलं असलं तरी आपण आठजण जमायची वाट पाहत नाही. हा आकडाही तसाच आहे: याच्यावर जाऊ नका, एवढंच तो सांगतो. त्यातही रिम हुकलेस (टायर अडकवायला आतून आकडा नसलेली) असेल तर टायरवर काहीही छापलेलं असो, ७२ पीएसआयच्या वर जायचंच नाही. रिमवर याहून कमी आकडा असेल तर तोच पाळायचा.

४० मिमी रुंदीचा टायर, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला), आपल्याकडचा मुरूम आणि उखडलेलं डांबर धरून आम्ही इथून सुरुवात करतो (आकडे पीएसआयमध्ये):

वजन ५५ किलो: पुढे २६, मागे २८
वजन ६५ किलो: पुढे २८, मागे ३१
वजन ७५ किलो: पुढे ३१, मागे ३४
वजन ८५ किलो: पुढे ३४, मागे ३८

वजन कपडे, बूट आणि पाठीवरच्या पिशवीसकट धरा. आत ट्यूब असेल तर दोन्हीकडे ५ ते ६ वाढवा. टायर ४५ मिमीचा असेल तर ३ कमी करा, ३५ चा असेल तर ४ वाढवा. मागच्या कॅरिअरवर सामान बांधलंत तर मागे आणखी २. रस्त्याच्या सायकलची सवय असलेल्यांना हे आकडे पाहून धास्ती वाटते. पहिले दोन किलोमीटर डांबरावर सायकल जडही वाटेल. मुरूम लागेपर्यंत थांबा.

जास्त हवेने नक्की काय होतं

खडीचा दगड चाकाखाली आला की मऊ टायर त्याच्याभोवती दबतो आणि पुढे जातो. टणक टायर दबत नाही, म्हणून सायकल आणि तुम्ही दोघंही दगडाएवढे उचलले जाता आणि खाली आपटता. पुढे ढकलायची ताकद त्या उचलण्यात जाते. चढावर मागचं चाक जमीन सोडतं, मुरूम मागे उडतो आणि पेडल रिकामं फिरतं. खिंडीच्या शेवटच्या टप्प्यात लोक उतरून सायकल ढकलतात ते दमल्यामुळे कमी आणि पकड सुटल्यामुळे जास्त. तासभर तिथेच जातो. उतारावर वळणाला पुढचं चाक सरकतं. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू सैल होतात ते वेगळंच.

दुसरा तोटा याच्या मागून येतो. वैतागून कुणीतरी वाटेत व्हॉल्व्ह दाबून अंदाजाने हवा सोडतं. हवा मोजायचं गेज नसतं, अंगठ्याने दाबून पाहिलं जातं. टायरची कड कडक असेल तर १८ आणि ३० मधला फरक अंगठ्याला कळत नाही. मग फरशी पुलाच्या कडेला चाक आपटतं, ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. ट्यूबलेस असेल तर रिमलाच पोचा पडतो. वर टायरमध्ये फक्त हवा कमी दिसते, खर्च आत झालेला असतो.

पेट्रोल पंपावरचा आणि पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर गाडीच्या टायरसाठी आहे. सायकलच्या टायरमध्ये हवेचं आकारमान इतकं कमी असतं की दोन सेकंदांत आकडा कुठच्या कुठे जातो. शिवाय आपल्या सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे, पितळी अडॅप्टर लावल्याशिवाय तिथे नळी बसत नाही. अडॅप्टर आम्ही देतो, पण अडीनडीला.

मोजायचं कसं: चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणा, मिनिटभर थांबा म्हणजे सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं, भोक बुजवणारं पातळ द्रव) खाली उतरेल. बारीक नट सैल करा, टोक एकदा हलकं दाबा आणि मग गेज लावा. व्हॉल्व्ह खाली ठेवून मोजलं तर सीलंट गेजमध्ये शिरतं आणि गेज कायमचं जातं. उभ्या पंपावरचा काटा १६० पर्यंतचा असेल तर ३० च्या आसपास त्याच्यावर विश्वास ठेवू नका. डिजिटल गेज दुकानात आहे. दुसरीकडून घेतलंत तरी चालेल, पण घ्या.

सकाळची हवा आणि दुपारची हवा एक नसते. पहाटे १५ अंशांना ३० भरलेला टायर ४० अंशांना ३४ च्या आसपास जातो. मार्च ते मे या दिवसांत म्हणूनच वरच्या आकड्यांतून २ कमी करून निघा.

आपल्या वाटांचं थोडं

भोरच्या भोवती तीन नद्या साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात: दक्षिणेला नीरा, मधे वेळवंडी आणि राजगडाच्या पलीकडे गुंजवणी. मधे डोंगराच्या सोंडा आहेत. एका नदीच्या काठाने वर जाणं सोपं, नदी बदलायची म्हटली की खिंड आली. मार्ग निवडताना एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

काठाचा रस्ता सपाट असतो हा मात्र गैरसमज आहे. भाटघर आणि नीरा-देवघर या दोन्ही जलाशयांत डोंगरावरून असंख्य ओढे उतरतात. रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी आत वळतो, खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. नकाशावर काठाने सरळ वाटणारे ३० किलोमीटर पायांना खूप लांब वाटतात. डांबरावर तुम्ही ताशी २० ने जात असाल तर इथे १२ ते १४ धरा. आम्ही मार्गाच्या फाइलवर अंतराच्या आधी वेळ लिहितो ती यासाठीच. ती वेळ बरोबर हवेच्या चाकाची आहे.

भाटघरच्या मागच्या बाजूने पसुरे, भुतोंडेकडे जाणारी वाट पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी चांगली. राजगड उजव्या हाताला राहतो, परत फिरावंसं वाटेल तिथून फिरता येतं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की कांबऱ्याचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि सगळ्यांना सायकल थेट गाभाऱ्यापर्यंत न्यायची असते. वरची भेगाळलेली खपली कोरडी दिसते, तिच्याखाली गाळ ओला असतो. चाक रुतलं की हवेचा कुठलाही आकडा कामाला येत नाही. शेवटचा टप्पा चालत जा.

नीरेच्या बाजूला निगुडघर, हिर्डोशीवरून शिरगावकडे चढत जाता येतं, नीरेचा उगम त्याच भागात आहे. पुढे वरंधा घाट. पावसाळ्यात दरडींमुळे प्रशासन तो वेळोवेळी बंद करतं, निघण्यापूर्वी चौकशी करा. जून ते सप्टेंबर खाचरांच्या कडेच्या वाटा आम्ही कुणालाच देत नाही. काळी माती टायरला चिकटते, टायर आणि फोर्कमधली जागा भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. शिवाय लावणीच्या दिवसांत बांध फुटला तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. दिवाळीनंतर भात झोडायला किंवा वाळवायला रस्त्यावर पसरलेलं असतं. त्यावरून जाऊ नका, उतरून कडेने न्या. पेंढ्याचे लांब धागे गिअरमध्ये अडकतात ते निराळंच.

काटे

बाभळीचा काटा आणि सराटा हवा पाहून शिरत नाहीत. ‘हवा कमी ठेवली म्हणून पंक्चर झालं’ हे ट्यूब चिमटली तरच खरं. ट्यूबलेसमध्ये ४० मिमीच्या टायरला ६० ते ८० मिली सीलंट लागतं. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक काढून कानाशी हलवा, खळखळ ऐकू आली नाही तर सीलंट संपलंय. काटा काढायच्या आधी ती जागा खाली आणा, काढा आणि मिनिटभर तशीच धरा. भोक ३ मिमीहून मोठं वाटलं तर वाट पाहू नका, प्लग (भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी) घाला. गॅसच्या नळकांडीपेक्षा हातपंप बरा, कारण थंड गॅसने काही सीलंटच्या गुठळ्या होतात. प्लगचा संच, एक सुटी ट्यूब आणि हातपंप भाड्याच्या प्रत्येक सायकलसोबत असतो. स्वतःची सायकल आणणाऱ्यांना सीलंट तिथल्या तिथे भरून मिळतं, आदल्या दिवशी कळवा.

आम्ही असं का करतो

सायकल देताना आम्ही वजन विचारतो, त्याचा काहींना राग येतो. तो आकडा फक्त चाकासाठी लागतो, कुठे लिहून ठेवत नाही. पुढे-मागे किती हवा भरली ते हँडलला बांधलेल्या चिठ्ठीवर असतं. मऊ वाटली तरी वाढवू नका. फारच वाटली तर फोन करा, आकडा सांगू. रिमला पोचा पडला तर भरपाई घेतो, पण परत आल्यावर हवा चिठ्ठीप्रमाणे निघाली (उन्हाने दोन-चार इकडेतिकडे चालतील) तर घेत नाही. मग चूक आमच्या आकड्याची धरतो.

स्वतःची सायकल घेऊन आलात आणि भाड्याने काहीच नको असलं तरी सकाळी साडेसहा ते साडेसात दुकानात हवा मोजून, लावून मिळते. याचे पैसे नाहीत. साडेअकराच्या फोनपेक्षा ते आम्हालाही स्वस्त पडतं. खिंड ओलांडून दोन खोरी एका दिवसात करायची असतील तर पहिल्या खेपेला आमचा माणूस सोबत घ्या, त्याचं भाडं वेगळं.

परत येताना सायकल वाटेतल्या गाड्या धुण्याच्या केंद्रावर धुऊ नका. जोराच्या फवाऱ्याने हबमधलं (चाकाच्या मधल्या तुंब्यातलं) ग्रीस निघून जातं आणि आत पाणी शिरतं. चिखलासकट आणा, आम्ही बादली आणि ब्रशने धुतो.