पानाला रुंदी कुठून आली?

२००७ साली पहिला आयफोन आला, तेव्हा त्याच्या स्क्रीनची रुंदी होती ३२० पिक्सेल. पण त्यातला सफारी ब्राउझर बहुतेक पानं मांडताना रुंदी ९८० पिक्सेल आहे असं धरून चालायचा. ही चक्क थाप होती, आणि ती मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तोवरच्या बहुतेक वेबसाइट टेबलावरच्या मॉनिटरच्या मापाने बेतलेल्या होत्या. खरी रुंदी धरली असती तर त्यांची मांडणी कोलमडली असती. म्हणून ब्राउझर आधी ९८० पिक्सेलचं अख्खं पान मांडायचा आणि मग ते आक्रसून ३२० मध्ये बसवायचा. मजकूर वाचायचा तर रकान्यावर दोनदा टिचकी मारून तो मोठा करावा लागे.

खरं तर वेबचं पान जन्मलं तेव्हा त्याला ठरावीक रुंदी नव्हतीच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतून खुलं केलेलं पहिलं संकेतस्थळ आजही पाहता येतं. ते संगणकावर उघडा आणि खिडकी अरुंद करत जा. ओळी आपोआप मोडतात, मजकूर खाली सरकत जातो. सर्नमध्ये नाना तऱ्हेचे संगणक होते. निकोला पेलो या विद्यार्थिनीने लिहिलेला ब्राउझर तर फक्त अक्षरं दाखवणाऱ्या टर्मिनलवरही चालायचा. पान कुठल्या स्क्रीनवर उघडेल हे आधी ठाऊक नसणार, हे गृहीत धरूनच वेबची रचना झाली होती.

छापील कामात मुरलेली मंडळी वेबकडे वळली आणि त्यांना हाच मोकळेपणा अडचणीचा वाटू लागला. मग न दिसणाऱ्या तक्त्यांचे रकाने आखून, त्यांत एक पिक्सेलची पारदर्शक चित्रं ताणून बसवून पान जागच्या जागी खिळवलं गेलं. आधी ६४० पिक्सेलच्या मॉनिटरसाठी, मग ८००, मग १०२४. मोबाइल आल्यावर काहींनी त्याच्यासाठी वेगळी, काटछाट केलेली वेबसाइट काढली. म्हणजे सांभाळायला दोन वेबसाइट.

यातून वाट दाखवली अमेरिकी वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी. मे २०१० मधल्या त्यांच्या लेखातून ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’, म्हणजे स्क्रीनप्रमाणे बदलणारी मांडणी, हे नाव रूढ झालं. या पद्धतीचा गाभा म्हणजे साधा भागाकार. ९६० पिक्सेलच्या पानात ३०० पिक्सेलचा रकाना असेल, तर ३०० भागिले ९६०, म्हणजे ३१.२५ टक्के. रुंदी पिक्सेलऐवजी अशी टक्क्यांत लिहायची. चित्राला त्याच्या रकान्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि जागा फारच कमी पडली की मीडिया क्वेरी नावाच्या नियमाने रकाने एकाखाली एक रचायचे. पुढच्याच वर्षी ‘बॉस्टन ग्लोब’ या अमेरिकी दैनिकाची वेबसाइट या पद्धतीने उभी राहिली. ही तिन्ही तंत्रं आधीपासून होती. ती एकत्र वापरायची हे मार्कॉट यांना सुचलं. मला हे सुचणं एखाद्या नव्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

राहिली ती ९८० ची थाप. ती थांबवायला पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान ज्या चौकटीत मांडायचं तिच्याबद्दलची, एक ओळ लिहावी लागते: फोनची स्वतःची रुंदी धर. फोनची स्वतःची रुंदी हासुद्धा एक हिशेबच आहे. स्क्रीनवर आडवे १०८० ठिपके असलेला फोन ब्राउझरला बहुधा ३६० हाच आकडा देतो. प्रत्यक्षातले तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ ठिपके मिळून डिझायनरचा एक पिक्सेल होतो. असं केलं नसतं, तर स्क्रीन जितकी दाट, तितकं अक्षर बारीक झालं असतं.

मराठी पानांचा प्रश्न मात्र रुंदीपाशी संपत नाही. आपल्या अक्षरांवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार चढतात आणि खाली उकार लोंबतात. रोमन लिपीच्या अंदाजाने ओळींमधलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना भिडतात. बटणाची उंची पिक्सेलमध्ये पक्की केली असेल, तर ‘पूर्ती’मधला ऊकार किंवा रफार कापला जातो. त्यात ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द अरुंद रकान्यात आला की तो शेजारच्या मजकुरावर चढतो. इलाज अवघड नाही. अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून जास्त ठेवावं आणि उंची मजकुराला ठरवू द्यावी. तरीही इंग्रजीसाठी केलेला साचा जसाच्या तसा मराठीवर चढवलेला जागोजागी दिसतो. आपल्या वाचकाला एवढीही काळजी मिळू नये, याचं वाईट वाटतं.

त्याच व्ह्यूपोर्टच्या ओळीत काही जण आणखी एक सूचना घालतात: वाचकाला दोन बोटांनी पान मोठं करू देऊ नका. चाळिशी लागलेल्यांना याचा फटका थेट बसतो. वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष तर मजकूर दुपटीपर्यंत मोठा करता आलाच पाहिजे असं सांगतात. आयफोनवरची सफारी २०१६ पासून ही बंदी जुमानत नाही. अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या विभागात ती मोडून काढायचा पर्याय आहे. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर तो चालू करून द्यावा.