टॅब आणि कॉर्डची आकृती : रेघा दोन्हींकडे सहा, वाचायची रीत वेगळी

शिक्षकाशिवाय गिटार शिकायला बसणाऱ्याच्या हाती पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी पडतात : टॅब, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची हे रेघांवरच्या अंकांनी सांगणारे लेखन, आणि कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीची, आकृती. दोन्हींत सहा रेघा असतात, दोन्हींत अंक असतात, त्यामुळे एक वाचता आले की दुसरेही आले असे वाटते, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

गेल्या दिवाळीत अमळनेरला बहिणीकडे गेलो होतो. भाचीने तिथे ‘जी’ (G) नावाची कॉर्ड वाजवून दाखवली. बोटांना घट्टे पडेपर्यंत सराव केलेला होता, पण आवाज कानाला टोचत होता. तिची वही पाहिली तेव्हा कारण कळले. आकृतीत सहाव्या (सर्वांत जाड), पाचव्या आणि पहिल्या (सर्वांत बारीक) तारेवर २, १ आणि ३ असे अंक होते आणि ते फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या खणांचे, क्रमांक आहेत असे समजून ती बोटे ठेवत होती. प्रत्यक्षात आकृतीतले अंक बोटांचे असतात : १ म्हणजे तर्जनी, २ मधले बोट, ३ अनामिका, ४ करंगळी. फ्रेट कोणता, हे ठिपका वरून कितव्या खणात आहे त्यावरून कळते. ‘जी’ कॉर्डमध्ये सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, पाचवी दुसऱ्यावर आणि पहिली तिसऱ्यावर दाबायची असते. हीच कॉर्ड टॅबमध्ये लिहिली तर जाड तारेपासून ३, २, ०, ०, ०, ३ असे अंक येतील, कारण टॅबमधला अंक फ्रेट सांगतो आणि शून्य म्हणजे मोकळी तार. बोट कोणते लावायचे, हे टॅब बहुधा सांगतच नाही.

तिची ‘सी’ (C) कॉर्ड मात्र बिनचूक होती, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सीमध्ये पाचव्या, चौथ्या आणि दुसऱ्या तारेवर फ्रेट ३, २, १ आणि बोटेही ३, २, १ अशीच येतात. म्हणजे आकृती चुकीची वाचली तरी सूर बरोबर लागतो आणि ती चूक पुढच्या कॉर्डपर्यंत लपून राहते.

दुसरा गोंधळ दिशेचा आहे. कॉर्डची आकृती म्हणजे तोंड आपल्याकडे करून उभी ठेवलेली गिटार : रेघा उभ्या, डावीकडची सर्वांत जाड. टॅबच्या रेघा आडव्या असतात आणि सर्वांत वरची रेघ सर्वांत बारीक तारेची असते. मांडीवर गिटार घेऊन खाली पाहिले की जाड तार वर दिसते, म्हणून नवशिक्या टॅब उलटा वाचतो. त्यात त्याचा दोष नाही. १५०७ मध्ये व्हेनिसला ल्यूट या वाद्यासाठी छापलेल्या इटालियन टॅबमध्ये वरची रेघ जाड तारेचीच होती.

निवड करताना आपल्याला काय वाजवायचे आहे, हे आधी ठरवावे. गाण्याला साथ करायची असेल तर शब्दांवर कॉर्ड लिहिलेला कागद आणि सोबत आकृत्या पुरेशा आहेत. गाण्याची चाल किंवा मधला तुकडा हवा असेल तर टॅबला पर्याय नाही. साध्या अक्षरांत टाइप केलेल्या टॅबमधून लय बहुतेक वेळा कळत नाही, म्हणून मूळ गाणे ऐकल्याशिवाय तो उघडू नये. कॉर्डच्या कागदाची अडचण निराळी आहे : देवनागरी शब्द व्हॉट्सअॅपवर चिकटवले की वरची कॉर्डची अक्षरे सरकतात आणि बदल भलत्याच शब्दावर येतो. असा कागद वहीत हातानेच उतरवून घ्यावा.

कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, कितव्या फ्रेटवर आहे हे लिहिलेले नसेल, तर ते साहित्य बाजूला ठेवावे. आपल्याकडच्या भजनी मंडळात पेटीवाला ‘काळी एक की पांढरी दोन?’ असे विचारतो, म्हणजे गाणे कोणत्या पट्टीत, तोच हा प्रश्न आहे. सीच्याच आकारात कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की काळी एक मिळते, दुसऱ्यावर लावला की पांढरी दोन. टॅबमधले अंकही मग कॅपोपासून मोजायचे.

खानदेशातल्या कानबाई देवीचे अहिराणी गाणे बसवायचे म्हटले तर तयार टॅब किंवा कॉर्ड क्वचितच हाती लागतात. तिथे आधी एकाच तारेवर चाल शोधावी, ती टॅबमध्ये लिहावी आणि मग प्रत्येक ओळीखाली कोणती कॉर्ड बसते ते कानाने ठरवावे. भाचीच्या वहीत आता एका पानावर दोन्ही आहेत, आणि प्रत्येक आकृतीखाली तिने ‘हे अंक बोटांचे’ असे लाल शाईने लिहून ठेवले आहे.