कंडरेतला तंतू कोण विणतो?

स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणाऱ्या कंडरेत पेशी फारच थोड्या असतात. बाकी जवळपास सगळे असते ते एका दिशेने रचलेले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू. हे तंतू पेशी घडवते की ते आपले आपण जुळतात, हा वाद पाऊण शतक तरी चालू आहे.

1942 मध्ये फ्रान्सिस श्मिट आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या तंतूंवरचे आडवे पट्टे पाहिले. ते ठरावीक अंतराने येतात, सुमारे 67 नॅनोमीटरने. 1954 साली मद्रासमध्ये गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेनच्या रेणूची तीनपदरी रचना मांडली. पट्ट्यांचे कोडे मात्र 1963 पर्यंत थांबले. सुमारे 300 नॅनोमीटर लांबीचे रेणू शेजारच्यापेक्षा ठरावीक अंतराने सरकून बसतात, म्हणून पट्टे दिसतात, असे हॉज आणि पेत्रुस्का यांनी दाखवले.

दरम्यान 1950 च्या दशकात जेरोम ग्रॉस आणि श्मिट यांच्या गटाला आढळले होते की आम्लात विरघळवलेले कोलॅजेन योग्य परिस्थितीत परत तंतू बनते, आणि तेही त्याच पट्ट्यांसह. परीक्षानळीत पेशी नव्हती, तरी तंतू तयार झाला. मग पेशीचे काम फक्त कच्चा माल पुरवण्याचे, असा समज रूढ झाला. तो चुकीचा नव्हता, पण अर्धवट होता: परीक्षानळीतले तंतू वाटेल त्या दिशेने पसरतात, कंडरेतले तसे पसरत नाहीत.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला समजले की पेशी कोलॅजेन थेट सोडत नाही. दोन्ही टोकांना जादा तुकडे असलेले प्रोकोलॅजेन बनते आणि विकरे ते तुकडे छाटतात. म्हणजे जुळणी केव्हा सुरू व्हायची यावर ताबा आहे. कुठे व्हायची, याचे उत्तर 1980 च्या दशकात डेव्हिड बर्क आणि रॉबर्ट ट्रेलस्टॅड यांनी कोंबडीच्या गर्भातल्या कंडरांवरून दिले. पेशीच्या पृष्ठभागावरच्या खोलगट घड्यांमध्ये तंतूंचे छोटे तुकडे आकार घेतात आणि नंतर बाहेर एकमेकांना जोडले जातात. 2004 मध्ये कार्ल केडलर यांच्या मँचेस्टरच्या गटाने पेशीतून बाहेर डोकावणारे, आत तंतू धरलेले बोटासारखे भाग दाखवले आणि त्यांना फायब्रिपॉझिटर म्हटले. ते कंडरेच्या अक्षाशी समांतर असतात. माझ्या मते परीक्षानळीच्या निष्कर्षाला मिळालेले सर्वांत चोख उत्तर हेच.

जनुकांची बाजू उशिरा उलगडली. पेशीला कंडरेची पेशी बनवणाऱ्या मार्गातले महत्त्वाचे जनुक स्क्लेरॅक्सिस. 2001 मध्ये ते भावी कंडरापेशींची खूण म्हणून पुढे आले. 2007 मध्ये ते नसलेल्या उंदरांत स्नायूंचा जोर वाहून नेणाऱ्या लांब कंडरा बिघडलेल्या आढळल्या, पण स्नायू जागच्या जागी बांधणाऱ्या आखूड कंडरांना तेवढा फटका बसला नव्हता. एका जनुकावर सगळे भागत नाही. 2010 मध्ये मोहॉक या जनुकाची भूमिकाही पुढे आली.

तंतूची जाडी ठरवणारी प्रथिने वेगळीच निघाली. डेकोरिन नसलेल्या उंदरांचे तंतू वेडेवाकडे आणि त्वचा नाजूक असल्याचे 1997 मध्ये दिसले. उंदराच्या कंडरेत ल्युमिकन सुरुवातीच्या जुळणीला आवर घालते, तर फायब्रोमोड्युलिन पुढे तंतू परिपक्व होण्यात भाग घेते. फायब्रोमोड्युलिन नसेल तर बारीक तंतूंचे प्रमाण वाढते. म्हणजे कोणते जनुक चालू आहे याइतकेच ते केव्हा चालू आहे हेही महत्त्वाचे. कोलॅजेनचा पाचवा प्रकार तर प्रमाणात अगदी थोडा, पण 2004 च्या प्रयोगांत तो नसलेल्या उंदराच्या गर्भात तंतूच धड बनले नाहीत.

2015 मध्ये केडलर यांच्याच गटाने उंदराच्या कंडरेत मोजमाप केले. तंतूंची संख्या जन्माआधीच ठरते, नंतर ते फक्त लांब आणि जाड होत जातात. त्याआधी, 2013 मध्ये, अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे माणसाच्या घोट्यामागच्या कंडरेचे वय काढले गेले होते. तिचा गाभा पहिल्या 17 वर्षांत बनतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. तरीही 2020 च्या एका अभ्यासाने उंदराच्या कंडरेत काही बारीक तंतू रोज बनतात आणि मोडतात असे दाखवले, आणि हे वेळापत्रक पेशीच्या दैनंदिन घड्याळाच्या हातात असल्याचेही.