स्लाइड आमच्याकडे देण्याआधी एवढं वाचा
(जठर-आतड्याच्या बायॉप्सीची कॉम्प्युटरवर मोजणी: ग्राहकांसाठी माहिती)

सांगली-मिरजेतल्या लॅबमधून स्लाइड येतात, पीजीचे विद्यार्थी थिसिसच्या केसेस घेऊन येतात, आणि पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "सॉफ्टवेअर निदान सांगेल ना?" नाही सांगणार. ते मोजतं. निदान आणि सही डॉक्टरांची.

स्लाइड आम्ही ४० एक्सवर स्कॅन करतो. म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रॉनचा. दीड सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्याचं चित्र ६०,००० बाय ६०,००० पिक्सेलचं होतं, त्यामुळे पेनड्राइव्ह मोठा आणा. मायक्रोस्कोपच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाइल लावून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात तर त्यावर मोजणी करून मिळणार नाही. फोटो दाबला जातो आणि स्केल हरवतं.

मोजणी मुख्यतः क्यूपाथवर होते. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत तयार झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यामुळे बिलात लायसन्सचा खर्च दिसणार नाही. पैसे स्कॅनिंगचे आणि आमच्या वेळेचे. क्यूपाथ संशोधनासाठीच आहे असं त्याचे कर्ते स्वतः सांगतात, म्हणून आमचा आकडा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पेशंटच्या रिपोर्टवर जाऊ नये.

आता रंगाचं. सॉफ्टवेअर हिमॅटॉक्सिलिनचा (पेशींची केंद्रकं रंगवणारा) निळा आणि डीएबीचा (शोधायचं प्रथिन जिथे आहे तिथे उमटणारा) तपकिरी वेगळा काढतं, पण तुमच्या लॅबचा निळा नेमका कसा हे त्याला आधी दाखवावं लागतं. ब्लूइंगचं (हिमॅटॉक्सिलिनला निळं करणाऱ्या धुण्याचं) पाणी बदललं, सेक्शन जाड पडला, की तो निळा बदलतो. मार्केट यार्डातली हळद उन्हात एक दिसते आणि ट्यूबलाइटखाली दुसरी, तसंच. म्हणून एका अभ्यासातल्या सगळ्या स्लाइड शक्यतो एकाच बॅचमध्ये स्टेन करा. आणि डीएबी गडद दिसला म्हणून प्रथिन तेवढ्या पटीनं जास्त, असा हिशेब आम्ही देत नाही. तो रंग तसा वागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ केआय-६७ खातं, म्हणजे विभागणाऱ्या पेशी दाखवणारा स्टेन; त्यात रंगलेली पेशी ती पॉझिटिव्ह. आतड्याच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीत) अशा पेशी ३ टक्क्यांच्या खाली ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २. समजा ट्यूमरच्या ६०० पेशी मोजल्या, १५ पॉझिटिव्ह निघाल्या: २.५ टक्के. मधेच घुसलेले ६ पॉझिटिव्ह लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) सॉफ्टवेअरनं ट्यूमर समजून धरले, तर २१ भागिले ६०६, जवळपास ३.५ टक्के. मायटोसिस (विभागताना दिसणाऱ्या पेशी) तेवढेच, पण ग्रेड बदलला! म्हणून आकड्यासोबत खुणा केलेलं चित्र देतो: पॉझिटिव्ह लाल, बाकी निळ्या. कागदावरच्या टक्क्यापेक्षा ते चित्र आधी बघा.

ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) बायॉप्सीत व्हिलायची (आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांची) उंची आणि क्रिप्टची (त्यांच्या बुडाच्या खळग्यांची) खोली मोजून देतो. तुकडा तिरका कापला गेला असेल तर चांगले व्हिलायही आखूड दिसतात. तिथे आम्ही आकडा न देता स्लाइड परत करतो, आणि त्याबद्दल आमच्यावर रागावलेले ग्राहकही आहेत. ब्लॉक नीट उभा करून पुन्हा कापणं हाच उपाय.

एच. पायलोरी (जठरातला जंतू) शोधून द्या, असंही विचारतात. तो जंतू जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड, म्हणजे आमच्या चित्रात दोन पिक्सेल. ते काम ऑइल इमर्शनवर (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या जास्त ताकदीच्या भिंगावर) डॉक्टरांचे डोळेच बरे करतात.

पाठवताना पेशंटचं नाव झाकून फक्त लॅब नंबर ठेवा आणि कुठला स्टेन, कुठला तुकडा ते चिठ्ठीवर लिहा. डीपीएक्स (वरची काच चिकटवायचा डिंक) पूर्ण वाळू द्या, नाहीतर स्लाइड ट्रेला चिकटते. आणि कृपा करून स्लाइडच्या डबीतच पाठवा. पाकिटातून आलेल्या काचा आम्ही चिमट्यानं जोडत बसलो आहोत.