हिरव्या पाण्यातलं जंतुनाशक

उन्हाळ्यात वडोदऱ्यातल्या सुरसागर तलावाच्या कठड्याशी उभं राहिलं की आधी पाण्याचा हिरवा रंग डोळ्यांत भरतो. दांडिया बाजारातली आमची मंडळी 'शेवाळ झालंय' म्हणून पुढे जातात. पण अशा पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघा. काचेच्या कवचातले नावेच्या आकाराचे डायटम दिसतात, मण्यांच्या माळेसारख्या निळ्या-हिरव्या पेशी दिसतात आणि क्लोरेला या एकपेशी शैवालासारखे हिरवे गोल ठिपकेही. क्लोरेलाची पेशी 2 ते 10 मायक्रोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीत सात-आठ तरी ओळीने मावतील. एवढ्याशा जिवाला पळून जाता येत नाही आणि भोवती तर जिवाणूंचा बुजबुजाट. मग तो तग धरतो कसा?

याचं उत्तर हाती लागलं ते वेगळ्याच वाटेने. बाटलीत वाढवलेलं क्लोरेला जुनं झालं की त्याची वाढ खुंटते. अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रॅट यांना 1940 च्या सुमारास दिसलं की या पेशी स्वतःच्याच वाढीला मारक असं काहीतरी पाण्यात सोडतात. 1944 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तोच पदार्थ जिवाणूंवर वापरून पाहिला, तर तेही थबकले. त्याला नाव मिळालं 'क्लोरेलिन'. पुढे कळलं की हा कुणी अद्भुत रेणू नव्हे, मेदाम्लांचं मिश्रण आहे; आपल्या तेला-तुपातली असतात त्याच कुळातलं. मला या शोधातलं हेच फार आवडतं.

जिवाणूचं आवरणही मेदाचंच असतं. मोकळं मेदाम्ल त्यात घुसतं, आवरण सैल होतं, आतला ऐवज पाझरू लागतो आणि पेशीचं ऊर्जेचं कामकाज कोलमडतं. 'फिओडॅक्टायलम' या डायटममधलं ईपीए नावाचं मेदाम्ल, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूलाही प्रयोगशाळेत रोखतं. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना मात्र बाहेरून आणखी एक आवरण असतं. तिथे हा मारा बऱ्याचदा थिटा पडतो.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हे काचेच्या थाळीवर दाखवते. अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, जिवाणू पसरायचे, त्यात छोटी विहीर पाडायची, तीत शैवालाचा मिथेनॉल या द्रावकात काढलेला अर्क सोडायचा आणि थाळी रात्रभर 37 अंशांवर ठेवायची. सकाळी दुधट थरात विहिरीभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसलं की मुलं हरखतात. "मॅडम, औषध सापडलं!" मी शेजारची विहीर दाखवते. तिच्यात नुसतं मिथेनॉल असतं, आणि कधीकधी कडं तिच्याभोवतीही उमटलेलं असतं. उलट, तेलकट अर्क पाणीदार अगारमध्ये नीट पसरतच नाही, त्यामुळे लहान कडं म्हणजे दुबळा अर्क असंही नाही. म्हणून कड्यावर न थांबता किती कमी मात्रेत वाढ थांबते ते मोजावं लागतं.

शरीरात तर गणित आणखी बदलतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मेदाम्लांना धरून ठेवतं आणि त्यांची धार बोथट होते. त्यामुळे पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा त्वचेवर किंवा जखमेवर वापरायच्या लेपात या अर्कांना मला जास्त वाव दिसतो. नॉस्टॉक या निळ्या-हिरव्या शैवालातलं सायनोव्हिरिन हे प्रथिन मात्र निराळं. 1997 मध्ये ते एचआयव्हीच्या पृष्ठभागावरच्या साखरयुक्त प्रथिनाला चिकटून विषाणूला अडवतं असं दाखवलं गेलं.

आणि कृपा करून तळ्याचं हिरवं पाणी कुणी औषध म्हणून तोंडात घालू नका. त्यात मायक्रोसिस्टिस हे निळं-हिरवं शैवाल असेल तर त्याचं विष यकृतावर घाला घालतं, आणि पाणी उकळूनही ते जात नाही. 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात असं दूषित पाणी डायलिसिसला वापरलं गेलं, आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले.

कोळंबीपालनात मात्र सूक्ष्मशैवालाच्या जिवाणूरोधी गुणाचा उपयोग आजही होतो. टाकीत ते मुद्दाम वाढवतात. त्या हिरव्या पाण्यात कोळंबीची पिल्लं मारणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंना डोकं वर काढणं जड जातं.