'सी' भरला, 'डी' रिकामा

लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेले कॉम्प्युटर मुंबईत घरोघरी आहेत आणि त्यांचं एक दुखणं हमखास ठरलेलं: 'सी' ड्राइव्हची पट्टी लाल, 'डी' निम्मा रिकामा. दुकानदाराने 'सी'ला शंभर जीबी देऊन बाकीची जागा 'डी'-'ई'मध्ये वाटलेली असते. मग वाटतं, 'डी'मधले पन्नास जीबी 'सी'ला दिले की काम झालं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'डी' श्रिंक, म्हणजे लहान, केला तर जागा सुटतेही. पण 'सी'वर राइट क्लिक करावं, तर ड्राइव्ह वाढवायचा 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय करड्या अक्षरांत, दाबलंच जात नाही.

'सी', 'डी' ही एकाच डिस्कची पार्टिशनं. पार्टिशन म्हणजे डिस्कवरचा सलग सेक्टरांचा, म्हणजे डेटा लिहायच्या छोट्या कप्प्यांचा, पट्टा. तो कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, हे डिस्कवरच्याच एका यादीत, पार्टिशन टेबलात, नोंदलेलं असतं. श्रिंक करताना विंडोज 'डी'चं शेपूट कापतं, त्यामुळे सुटलेली जागा 'डी'च्या पलीकडे पडते. चाळीतली टोकाची खोली रिकामी झाली म्हणून पहिल्या खोलीवाल्याला ती जोडून घेता येत नाही. मध्ये एक बिऱ्हाड आहे! 'सी' वाढायचा तर त्याला लागूनच जागा मोकळी हवी. म्हणजे 'डी'तला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढायचा, 'डी' डिलीट करायचा, 'सी' वाढवायचा आणि उरलेल्या जागेत 'डी' नव्याने करायचा. कधी मध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेलं रिकव्हरी पार्टिशनही आडवं येतं. 'डी' आहे तसाच पुढे सरकवणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण ती सगळा डेटा उचलून दुसरीकडे लिहितात. तासन्‌तास चालणाऱ्या या कामात वीज गेली तर 'डी' हातचा जाऊ शकतो. बॅकअपशिवाय मी तरी या वाटेला जाणार नाही.

मुळात एवढा खटाटोप लागतोच असं नाही. मोठ्या अपडेटनंतर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात जुनं विंडोज पडून असतं. डिस्क क्लीनअपमधून ते काढलं की बरेच जीबी सुटतात. 'हायबरफिल' ही लपवलेली फाइलही काही जीबी अडवून बसते. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून कॉम्प्युटर बंद करण्याची सोय) बंद केलं की ती जाते, मात्र कॉम्प्युटर लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जातं.

नवी मोठी डिस्क घेणार असाल तर पार्टिशन टेबल जीपीटी या नव्या पद्धतीचं ठेवा. 1983च्या डॉस 2.0 पासूनची एमबीआर ही जुनी पद्धत सेक्टरांचे आकडे 32 बिटांत लिहिते. 512 बाइटांच्या सेक्टरांत तिची मजल साधारण 2 टीबीपर्यंतच जाते. एमबीआर ठेवून 4 टीबीची डिस्क लावलीत, तर उरलेली निम्मी जागा दिसेल, पण वापरता येणार नाही.