कारण एवढ्यासाठीच की…

भाचीची इंग्रजीची उत्तरपत्रिका परवा घरी आली. एका वाक्याभोवती लाल गोल आणि अर्धा गुण कापलेला. वाक्य होतं, ‘द रीझन व्हाय आय वॉज लेट इज बिकॉज द फेरी वॉज फुल.’ गोव्यातल्या चोडण बेटावरून रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरणाऱ्या मुलीने खरं तेच लिहिलं होतं.

बाईंचं तसं बरोबर आहे. ‘रीझन’ म्हणजे कारण, ‘व्हाय’ म्हणजे का, आणि ‘बिकॉज’ हा शब्दच मुळी ‘बाय’ आणि ‘कॉज’ यांच्या जोडणीतून झालेला. एका वाक्यात कारण तीनदा! शिवाय शाळेच्या व्याकरणात ‘इज’नंतर इथे नामवाक्य लागतं, म्हणून ‘दॅट’. परीक्षेत ‘दॅट’च लिही, असं मीही तिला सांगितलं. पण आपण तरी काय बोलतो? ‘हे सांगायचं कारण एवढ्यासाठीच की…’ ‘कारण’ झालं, वर ‘साठी’ही झालं. कोकणीत तर ‘कित्याक म्हळ्यार’ (का म्हटलं तर) म्हणत आधी स्वतःच प्रश्न विचारायचा आणि मग उत्तर द्यायचं.

ही पुनरुक्ती येते कुठून, हे मला फेरीबोटीवर कळलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी इंजिनाच्या धडधडाटात घरून फोन आला: ‘माटोळीच्या त्या दोन मोठ्या टोपल्या आल्या.’ (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची सजावट.) ‘दोन’ इंजिनाने गिळला. तरी टोपली एक नाही, जास्त आहेत, हे मला समजलं. कसं? एकच असती तर वाक्य झालं असतं, ‘ती एक मोठी टोपली आली.’ म्हणजे अनेकवचन ‘त्या’मध्ये आहे, ‘मोठ्या’मध्ये आहे, ‘टोपल्या’मध्ये आहे, ‘आल्या’मध्येही आहे. एक खूण हरवली तरी चार उरतात. मराठीने हा विमा व्याकरणातच उतरवून ठेवलाय.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 साली याचं माप काढलं. इंग्रजी मजकुराचा साधारण निम्मा भाग अक्षरांच्या ठरलेल्या घडणीमुळे आपोआप ठरतो, लिहिणाऱ्याला तिथे मोकळीक नसते, असा त्याचा अंदाज. पुढे 1951 मध्ये त्याने माणसांना पुढचं अक्षर ओळखायला लावलं. 26 अक्षरं आणि एक मोकळी जागा, अशी 27 चिन्हं सारख्याच शक्यतेने आली, तर दर चिन्हामागे सुमारे 4.75 बिट माहिती लागते (बिट म्हणजे एका हो-नाही प्रश्नाचं उत्तर). लांब मजकुरात प्रत्यक्षात निघाली 0.6 ते 1.3 बिट. उरलेलं सगळं आधीच्या अक्षरांवरून ताडता येतं. पटत नसेल तर हे वाचा: ‘उद्य सकळ फरबट बद आह.’ काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं काढलं, तरी उद्या फेरीघाटावर तुम्ही जाणार नाही.

हीच युक्ती आकड्यांतही असते. आधार क्रमांकाचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. तो नवीन काही सांगत नाही. टाइप करताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, की मात्र चुगली करतो.

व्हॉट्सॲपवर फिरतं की संस्कृतात एक अक्षरही फालतू नसल्याने ‘नासा’ने ती संगणकासाठी सर्वोत्तम ठरवली. नासाशी संबंधित रिक ब्रिग्ज या संशोधकाने 1985 मध्ये शास्त्रीय संस्कृतातल्या वाक्यविश्लेषणावर एक लेख लिहिला होता, त्याचं हे शेपूट. ‘तौ बालकौ गच्छतः’ बघा, ‘दोघे’ तीनदा सांगितलंय. पाणिनीची सूत्रं काटकसरी आहेत; भाषा आपल्या मराठीसारखीच सढळ.

‘बिकॉज’कडे परत येतो. ‘द रीझन’ म्हटल्यावर मध्ये लांबलचक मजकूर येतो: कोण, कुठे, कुठल्या फेरीने. ‘इज’पर्यंत पोचेतो सुरुवात निसटते. मग बोलणारा ‘बिकॉज’ म्हणून ती पुन्हा हाताशी आणतो. कागदावर मागे वळून वाचता येतं, म्हणून तिथे तो शब्द जास्तीचा वाटतो.

एवढं ऐकून भाची म्हणाली, ‘मग बाईंना सांगू?’ म्हटलं, अर्धा गुण आहे, सोड. तिने दुसऱ्या दिवशी सांगितलंच. बाई हसल्या म्हणे. आणि म्हणाल्या, ‘गुण कापायचं कारण एवढ्यासाठीच की…’